पुस्तकामागचं उत्तर

मांडीवर बाळ पेंगत होतं आणि वृषालीने तेच इंटिग्रेशन पाचव्यांदा खोडलं. पुस्तकाच्या शेवटी दिलेलं उत्तर काही केल्या येत नव्हतं. सोमवारी पेपर, तोही शेवटच्या संधीचा. नापास झाली तर इंजिनिअरिंगवर पाणीच सोडायचं.

"अगं, पोरीच्या टाळूवर टिपं गळतायत तुझी. दे इकडे तिला," सासूबाई म्हणाल्या. "ताळा करून बघितलास का?"

"ह्याला कसला ताळा, आई!" ती फणकारली. मग आठवलं, ताळा असतो की. उत्तराचं डेरिव्हेटिव्ह काढलं की मूळचं गणित परत मिळायला हवं.

तिने स्वतःच्या उत्तराचं काढलं. गणित मिळालं. घाईघाईने पुस्तकातल्या उत्तराचंही काढलं. तेच गणित मिळालं! दोन्ही उत्तरं बरोबर होती. फरक होता तो नुसत्या एका स्थिरांकाचा, डेरिव्हेटिव्ह काढलं की शून्य होणाऱ्या आकड्याचा.

तिचा हात थांबला. गेल्या वर्षी परीक्षेत हेच गणित होतं. हेच उत्तर आलं, आणि पुस्तकातलं वेगळं आठवतंय म्हणून तिने ते खोडलं. दोन मार्कांनी विषय गेला होता.

"पुन्हा चुकलं का गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"नाही आई," ती म्हणाली. "तेव्हाही बरोबरच होतं."