जूनचं गाणं

"गाणं जूनचं आणि शूटिंग फेब्रुवारीत. नाचा आता कुडकुडत," इलिंकाच्या पापण्यांना चमकी लावता लावता व्हिओरिका पुटपुटली. गायिका म्हणून इलिंकाच्या पहिल्या गाण्यापासून तिचा मेकअप हीच करत आली होती. रोमानियाच्या किनाऱ्यावर वारा बोचत होता आणि चाळिशीतल्या इलिंकाच्या अंगात पातळसा पिवळा फ्रॉक होता.

इलिंका नुसती हसली. या धंद्यातल्या युक्त्या तिला पाठ होत्या. थंडीत तोंडातून वाफ निघते आणि पडद्यावरचा जूनचा उन्हाळा खोटा पडतो, म्हणून शॉटआधी गालात बर्फ धरायचा. सहाय्यक बर्फाचा डबा घेऊन येताना दिसला तसा तिने सवयीने हात पुढे केला. तो तिला ओलांडून गेला आणि मागे नाचणाऱ्या विशीतल्या पोरीपाशी थांबला.

"अरे, मला?"

"तुम्हाला नको, मॅडम. तुमचा शॉट लांबून आहे, वाफ दिसत नाही."

बोलून गेल्यावर त्याने जीभ चावली. दिग्दर्शक कॅमेऱ्यात डोळे खुपसून बसला. इलिंकाच्या मॅनेजरने न वाजलेला फोन कानाला लावला.

"सकाळपासून मला मागे मागे सरकवतायत," इलिंका हळूच म्हणाली. "मला वाटलं, समुद्र नीट दिसावा म्हणून असेल."

व्हिओरिकाने ब्रश खाली ठेवला. स्वतःचा कोट काढून तिच्या खांद्यांवर घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली.

"आवाज तुझाच राहणार आहे, पोरी," ती म्हणाली. "चेहरा तिचा घेतलाय."