आठ जणांची सहमती

कार्यशाळा घेणाऱ्या खांबेट्यांनी भिंतीवर कार्ड चिकटवलं: 'आजी-आजोबांनी बटण दाबलं, तरच घरी फोन जाईल.' वृद्धाश्रमाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये काय हवं, ते आज ठरवायचं होतं. समोर आठ पडद्यांवर आश्रमाशी संबंधित आठ जणांची, त्यांच्याच आवाजात बोलणारी संगणकी प्रतिरूपं होती. माणसं हल्ली कार्यशाळेला स्वतः येत नसत.

"मान्य," आठही प्रतिरूपं म्हणाली.

पूर्वी या एका वाक्यावर दोन तास भांडण झालं असतं.

तेवढ्यात आश्रमातल्या आया गोदाबाई आत आल्या. "मला कुठलं आलंय प्रतिरूप? म्हणून मीच आले. साहेब, बटण कुणी दाबत नाही हो. 'कशाला पोरांना त्रास' म्हणतात आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहतात."

खांबेट्यांनी दुसरं कार्ड लिहिलं: 'दर रविवारी फोन आपोआप जाईल.'

"मान्य," पुन्हा आठ आवाज.

"पण तिकडे उचलणार कोण?" गोदाबाईंनी पडद्यांकडे हात केला. "पोरगा, की त्याचं हे असलं?"

 गेल्या रविवारी खांबेट्यांचा मुलगा त्यांच्याशी फोनवर तासभर बोलला होता. एकदाही चिडला नव्हता. प्रत्येक गोष्टीला म्हणाला होता, "बरोबर आहे, बाबा."