हरणांचा वकील

लॉकडाऊनला कंटाळून बेस्ट या डच गावात राहणारा भारतीय इंजिनिअर हरीश बायको चारुतासोबत तिथल्या वेलूवेच्या जंगलात फिरायला गेला. तिथे खांद्यावर बंदूक घेतलेला डच वनरक्षक भेटला.

"हरणं फार वाढलीत, थोडी मारावी लागतात. कोवळ्या शिंगांचे नर मात्र आम्ही सोडतो," तो म्हणाला.

हरीशचं रक्त उसळलं. दीड मीटर अंतर राखून त्याने अहिंसेवर भाषण ठोकलं. चारुताने कोपराने ढोसलं, पण घरात त्याचं भाषण कुणी ऐकत नसल्याने साचलेलं सगळं बाहेर पडलं. "आमच्या देशात हरणांना कुणी हात लावत नाही!"

"मग ती वाढत नाहीत?"

"छे! आमच्याकडे वाघ आहेत ना!" हरीश छाती फुगवून म्हणाला.

 

"आमच्याकडे त्यांची जागा रिकामी होती," वनरक्षक बंदूक सावरत म्हणाला, "तिथेच मला नोकरी मिळाली."