चाळीस मीटर वाघूर

"बाई, दोघांनी नावंच लिहिली न्हायत," शाळेचा क्लार्क योगीराज निकालाची यादी पुढं सरकवत म्हणाला. "एकाला पाचापैकी पाच, एकाला एक. पेपर तपासणारं मशीन तरी कुठनं नाव काढंल?"

शामलाबाईंनी यादीवरून बोट फिरवलं. आठवीच्या पटावर तीस मुलं, गठ्ठ्यात तीस कागद. परीक्षेच्या दिवशी त्या डोकी मोजत नसत, कागद मोजूनच हजेरी मांडत. अठ्ठावीस नावं जागच्या जागी होती. उरले दोघं, कैवल्य आणि दैवशाला.

प्रश्न बाईंनी स्वतः काढला होता. जाळी चाळीस मीटर आहे. मेंढ्या कोंडायला वाघूर कोणत्या आकाराची लावाल, आणि का? मुलं माना खाली घालून लिहीत होती, तेव्हा बाईंनीही हिरव्या पेनानं तो टेबलावरच्या एका कोऱ्या कागदावर सोडवून पाहिला. दोन ओळींत सुटला. एवढ्या सोप्या प्रश्नाला एकालाच पैकीच्या पैकी कसे, हे मात्र त्यांना कळेना.

विचार करायला सवड नव्हती. धाराशिवच्या गणित शिबिराला एकच नाव आजच कळवायचं होतं.

"यात कसलं कोडं?" त्या म्हणाल्या. कैवल्य गावातल्या जुन्या गुरुजींचा नातू, पाढे तोंडपाठ. दैवशाला निम्मं वर्ष मेंढरांमागं. बाईंच्या लेखी निकाल लागलाच होता.

वर्गात त्यांनी जाहीर केलं, "कैवल्य, शिबिराला तू. दैवशाला, तुला एक गुण."

कैवल्य उठला. "बाई, पण मी..."

"पण-बिण काही नाही! नाव लिहायला विसरतोस आणि म्हणे हुशार."

दैवशालाचा चेहरा पार उतरला. नंबर लागला तर शाळंत ठेवीन, न्हाय तर मेंढरांमागं चल, असं बापानं बजावलं होतं. बाईंनाही ते ठाऊक होतं आणि वाईटही वाटत होतं. पण गुण ते गुण.

"बाई, म्या काय लिवलंय ते एकदा दावा की," ती म्हणाली.

बाईंनी वैतागून गठ्ठा मागवला. पाच गुणांचा कागद वर काढला. कागदावर मोठा गोल, गोलात इवलीशी कोकरं. खाली लिहिलं होतं, 'कोपऱ्यात कोकरं चेंगरत्यात. चौरसात जागा शंभर, गोलात सव्वाशेच्या वर.'

"ह्योच माजा," दैवशाला म्हणाली.

बाई गोंधळल्या. "मग कैवल्य, एक गुण तुझा?"

"तेच सांगत होतो बाई. परीक्षेच्या दिवशी मी भूम गावी होतो, मामाच्या लग्नाला."

बाईंनी पोरं बोटावर मोजली, मग कागद मोजले. तीस आणि तीस. पुन्हा मोजले. डोकं चालेनासं झालं. शेवटी त्यांनी एक गुणाचा कागद ओढून काढला.

नीटस चौरस आणि दोन ओळी. 'चौरसच घ्यावा. नियमानुसार क्षेत्रफळ सर्वांत जास्त.' त्याखाली यंत्राचा शेरा होता. 'उत्तर पाठ केलेलं दिसतं. गोलाचा विचारच केलेला नाही. या विद्यार्थ्याला जवळ बसवून पुन्हा शिकवावं.'

अक्षर वळणदार होतं. शाई हिरवी होती.