थोरला टर्बो

कुंभार्ली घाटमाथ्याकडचा चढ समोर दिसताच ट्रकचालक जानबा शेलारांनी काचा घट्ट बंद आहेत ना, ते पुन्हा पाहिलं.

"ताई, चढावर बोलायचं नाही. पोरीलाही रडू देऊ नका."

"का हो काका?" मांडीवरच्या तान्हीला थोपटत रेवतीने विचारलं.

"बाहेरची विरळ हवा दाबून घेतल्याशिवाय ना इंजिनाला पुरते, ना माणसाला. त्यासाठी गाडीला दोन टर्बो. सपाटीला धाकटा इंजिनाला दाबलेली हवा देतो, थोरला आपल्याला. चढाला इंजिन दोन्हींची हवा ओढून घेतं. मग केबिनात उरेल तेवढीच हवा."

"आणि पलीकडे?"

"पलीकडे घाट उतरला की कोकण. खाली हवा दाट, तिथं अजून काचा उघडता येतात."

चढ लागला. थोरल्याची शिटी इंजिनाकडे वळली आणि केबिनातली झुळूक थांबली. पोर रडू लागली. रेवतीने तिला छातीशी धरलं. ॲक्सिलरेटरवरचा जानबांचा पाय क्षणभर सैलावला, तसा भरलेला ट्रक अडखळला. त्यांनी पाय पुन्हा दाबला. निम्म्या चढावर रडणं थांबलं.

माथ्यावर झुळूक परत आली. रेवतीने छातीभर श्वास घेतला आणि ती हसली. "बघा काका, कशी शहाण्यासारखी गप्प बसली!"

जानबांनी एकदाच पोरीच्या निळ्या पडलेल्या ओठांकडे पाहिलं. चढ संपला होता, तरी त्यांचा पाय दाबलेलाच राहिला.