चाळीसच्या आत

काकांची गाडी दिसायला गरीब गाय. जुनी, राखाडी, चाकांवर साध्या व्हीलकॅप. पण माझ्या गॅरेजमध्ये मीच तिला असं इंजिन बसवून दिलंय, की मनात आणलं तर नव्या गाड्यांना धूळ चारेल. काका मात्र काटा चाळीसच्या वर जाऊ देत नाहीत. स्कूटरवरच्या आजीबाईसुद्धा पुढे निघून जातात. माझा जीव तुटतो.

काल दुपारी सर्व्हिसिंगनंतर त्यांच्या गाडीत मागच्या सीटवर बसलो. पुढे काकांशेजारी काकूंचं डोकं खिडकीला टेकलेलं. टेकडीचा लांबलचक चढ लागला आणि गाडी ढगासारखी वर सरकत राहिली. ना आवाज, ना हिसका. मला राहवेना.

"काका, एकदा तरी दाबा की. पळवायची नव्हती, तर एवढं मोठं इंजिन घातलंत कशाला?"

"हळू बोल," काका कुजबुजले. "घरी दुखण्यानं हिचा डोळा लागत नाही, गाडीत लागतो. जुनं इंजिन या चढावर धापा टाकायचं, मग गिअर बदलावा लागायचा. तेवढ्या धक्क्यानं ही जागी व्हायची."