कानातला सिनेमा

"अंकल, घर जाके सुनाना!" मागच्या रांगेतला माणूस दुसऱ्यांदा खेकसला, आणि धैर्यशीलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुडगावातला हा मॉल नवा, त्यातलं मल्टिप्लेक्सही नवं. आईवडलांना मोठ्या हौसेनं घेऊन आला होता तो. आणि आबांनी इथंही आपलं तेच चालवलं! आबा म्हणजे रिटायर्ड सुभेदार हिंदुराव. पडद्यावर कुणी तोंड उघडलं की बायकोच्या कानाशी लागून मराठी करून सांगायचं. कृष्णाबाईंना हिंदी येत नाही हे सगळ्या घराला ठाऊक. लग्न होऊन त्या छावणीत आल्या तेव्हापासूनची ही पद्धत. तिथं रविवारी मैदानात पडदा लागायचा, आणि गावाकडून आलेल्या बायकांना त्यांचे नवरे असंच सांगत बसायचे. अख्खी रांग कुजबुजायची, पण कुणाची काही तक्रार नसायची. इथं मात्र सगळे साहेबलोक. आणि परेडवर जन्म गेलेल्या माणसाची कुजबुज ती, चार रांगांना ऐकू जात होती.

"तो म्हणतोय, तू नसलीस की मला घरात पाऊल टाकवत नाही," आबा सांगत होते.

"आबा, पुरे! माझ्या ऑफिसची माणसं येतात इथं. जरा तरी लाज ठेवा!" धैर्यशील उठून उभा राहिला. "तुम्ही माझ्या जागेवर बसा. आईला मी सांगतो काय ते."

आबा गुमान उठले आणि पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसले.

हिरो पुन्हा बोलू लागला. चांगला बराच वेळ बोलला.

"काय म्हणतोय रे?" कृष्णाबाईंनी विचारलं.

"प्रपोज करतोय."

हिरोच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आणखी बोलला.

"आणि आता?"

"तेच गं. आय लव्ह यू वगैरे."

कृष्णाबाई ताडकन उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या. "तुम्ही बसा, मी बघतो," असं आबांना सांगून धैर्यशील वैतागत मागोमाग गेला. बाहेर आई पाण्यासाठी रांगेत उभी होती. तेवढ्यात एक सुटाबुटातला माणूस खुशाल तिच्यापुढे घुसला.

"ओ भाईसाहब, लाइन में आइए! हम क्या यहाँ दीवार देखने खड़े हैं? पढ़े-लिखे लगते हो, शरम नहीं आती?"

तो माणूस मुकाट मागं गेला. धैर्यशील बघतच राहिला.

"आई! तुला हिंदी येते?"

"न यायला काय झालं? मेरठला, पठाणकोटला रेशन काय मराठीत आणत होते?"

"मग आबांना इतकी वर्षं त्रास कशाला देतेस?"

कृष्णाबाई अशा भडकल्या की पाणी घ्यायचंच राहिलं. "त्रास? अरे, तुझा बाप घरात माझ्याशी काय बोलतो, ऐकलंयस ना? पाणी दे. बनियन कुठाय. जन्मात एक गोड शब्द नाही! सिनेमात अंधार झाला की हिरोच्या नावावर तेवढं बोलतात. 'तू नसलीस की घरात पाऊल टाकवत नाही.' तो हिरो असलं काही म्हणालाच नव्हता, मेल्या! आणि तू मला आय लव्ह यू वगैरे सांगतोस?"

कृष्णाबाईंनी त्याचा दंड धरून त्याला दाराकडे वळवलं.

"चल आत, आणि माझ्या जागेवर बस गप. मला हिंदी येते हे त्यांच्या कानावर गेलं, तर याद राख!"

आत येऊन त्या आबांच्या शेजारी बसल्या. पडद्यावर हिरॉइन नुसतं "हाँ" म्हणाली.

"अहो, काय म्हणाली हो ती?"

आबा लगेच त्यांच्या कानाशी वाकले. मागचा माणूस पुन्हा चुळबुळला, काहीतरी पुटपुटला. धैर्यशील गर्रकन मागं वळला.

"भाईसाहब, जरा चुप रहिए! सुनने दीजिए."